रिकामी ठेवलेली थाप

‘पाचव्या बुधवारी मंडळाचे तत्कालीन सचिव आणि बाबांचे जावई श्री. दादाराव यांनी भक्तिभावाने भारावून जाऊन सासऱ्यांच्या खंजेरीवर थाप दिली आणि काय आश्चर्य, सात महिने अंथरुणाला खिळलेले बाबा उठून बसले. त्यांनी पाणी मागितले व ते जावयाच्या हातून प्राशन केले. त्या वेळी बाबांचे धाकटे चिरंजीव वसंतराव एका कोपऱ्यात अश्रू ढाळीत होते.’

नाचणगावच्या आमच्या खंजेरी भजन मंडळाने नुकत्याच काढलेल्या स्मरणिकेतील हा मजकूर आहे. तो लिहिणारा प्राध्यापक अविनाश हा माझा सख्खा भाचा, याच दादारावांचा मुलगा. ज्या बुधवारचे तो वर्णन करतो, त्या बुधवारी तो पाळण्यात होता आणि प्रसंगाच्या मुख्य भागात झोपलेला होता. त्याच्या तीन वाक्यांत पाच चुका आहेत. त्यांपैकी अश्रूंची चूक आधी निकालात काढतो. मी रडत नव्हतो. त्या वर्षात मी एकदा रडलो होतो हे खरे, परंतु ते निराळ्या दिवशी आणि निराळ्या कारणासाठी, आणि त्याची वाच्यता करण्याची मला आवश्यकता वाटत नाही. राहिलेल्या चुकांसाठी मात्र मला त्या घरात आणि त्या अंगणात वाचकांना घेऊन जावे लागेल.

आमचे घर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि घरापेक्षा मोठे अंगण. अंगणात कडुनिंब होता आणि चैत्रात त्याचा मोहोर खाटेवर, पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, सर्वत्र पडत असे. बाबा पुलगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे, ‘फिटर’ एवढेच पुरे होते. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत वावरून आल्यामुळे त्यांना घरात बोलणे फारसे लागत नसे. परंतु कान असा की पडवीत माय भाकरी थापत असली तर आवाजावरून ते सांगत, ‘पीठ जुनं हाय’. माय त्यावर म्हणे, ‘जुनं हाय तं नवं आणा,’ आणि संभाषण संपे. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तेलात कालवलेली लाल चटणी आणि सणाला पाटवडीचा रस्सा, हा आमचा आहार. रस्सा तिखट झाला की बाबांच्या कपाळावर घाम येई आणि ते उजव्या हाताच्या दोन बोटांनी ताटाच्या कडेवर हळूच ठेका धरीत. तो ठेका आला की माय समजे, स्वयंपाक साधला. तिची दुसरी कोणती प्रशंसा झालेली मी ऐकलेली नाही.

बाबा खंजेरी मंडळाचे मुख्य होते. ज्यांनी खंजेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडाचे वीतभर रुंदीचे कडे, त्याच्या एका अंगाला ताणून बसवलेले चामडे आणि कडेला खाचांत छोट्या चकत्या. डाव्या हाताने धरायची आणि उजव्याने वाजवायची. दिसायला पोरखेळ, वाजवायला दहा वर्षे. मंडळात पाच खंजेऱ्या होत्या. बाकीचे आम्ही टाळकरी. मी अठरा वर्षांचा झालो तरी बाबांनी मला टाळावरून खंजेरीवर चढवले नव्हते. ‘हात कच्चा हाय त्याचा’ असे ते मंडळीसमोर म्हणत. दादाराव मात्र, माझ्या बहिणीशी, शांताताईशी, लग्न होऊन वर्ष झाले नाही तोच, दुसऱ्या खंजेरीवर बसले. त्यांचा हात चांगला होता. हे मी आज मान्य करतो. त्या काळी मी ते मान्य करावे अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

आमच्या मंडळाची एक खूण होती. ध्रुपदाच्या शेवटी सारे हात क्षणभर थांबत आणि त्या थांबण्यात बाबांची एकट्याची एक थाप पडे. खोल, गोल, जमिनीतून आल्यासारखी. मग सारे पुन्हा सुरू होत. पंचक्रोशीतील लोक अंधारातही ओळखत की हे नाचणगावचे मंडळ आहे. त्या थापेला नाव नव्हते, ‘फिटरची थाप’ एवढेच. बारशाला, लग्नाला, पोळ्याला आमचे मंडळ जाई. तसेच आजाऱ्याच्या दारीही जाई. कोणी दीर्घ आजारात असला की पाच बुधवार त्याच्या अंगणात दिवेलागणीला बसायचे, वाजवायचे, गूळ-फुटाणे खाऊन निघायचे. रोग बरा करतो असा दावा मंडळाने कधीच केला नाही. किसनबुवा शिंपी हे मंडळातील सर्वांत वयस्क. ते आजाऱ्याला स्पष्ट सांगत, ‘दवा घेत राह्यजो बावा, आम्ही फक्त तुले एकटं पडू देत नाई.’

तर त्या बुधवाराच्या आधीच्या पोळ्यानंतर बाबांना लकवा झाला. उजवे अंग गेले, जीभ जड झाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की जीभ चालेल, डावा हात तर धडधाकट आहे, यांनी प्रयत्न केला पाहिजे. बाबांनी प्रयत्न केला नाही. डाव्या हाताने जेवायचे नाही, हा त्यांचा बाणा. मायने घास भरवला तर तोंड उघडत, नाहीतर भिंतीकडे वळत. बोलायचे तर वाकडे बोलावे लागेल, म्हणून बोलायचेच नाही. आता या वयात माझ्या लक्षात येते की त्यांना रोगाने जेवढे पाडले होते त्याहून अधिक त्यांच्या ऐटीने पाडले होते, आणि ही ऐट आमच्या घराण्यात त्यांच्यापाशीच संपली असे मी म्हणणार नाही. सात महिने असे गेले. शांताताई सकाळ-संध्याकाळ येऊन हातापायाला तेल चोळून जाई. मायच्या हातचा रस्सा अळणी होत गेला, कारण भरवायचा असे. आणि ताटाच्या कडेवरचा ठेका बंद झाला.

मंडळाने मग आमच्याच अंगणात पाच बुधवार धरले. बाबांची खाट निंबाखाली काढायची, त्यांची खंजेरी त्यांच्या पायाशी ठेवायची आणि समोर सारे बसायचे. आणि येथे मंडळाने आपण होऊन एक गोष्ट केली, तिची कोणी चर्चा केली नव्हती. ध्रुपदाच्या शेवटी बाबांच्या थापेची जागा रिकामी सोडली. सारे हात वर थांबत, एक थाप जाईल एवढा वेळ काहीच वाजत नसे, मग पुन्हा सुरुवात. मंडळी याला आदर म्हणत. पहिल्या बुधवारी मलाही गहिवरून आले. दुसऱ्या बुधवारी मी बाबांकडे पाहिले. ती रिकामी जागा आली की त्यांचे डोळे मिटत आणि जागा ओलांडली की उघडत. जिवंत माणसाचा दहावा चालला आहे असे मला वाटले. मी मायला तसे बोलून दाखवले, तर ती म्हणाली, ‘मंग तू सांग न त्याईले. मले काय सांगतो?’ मी कोणाला सांगणार? टाळकऱ्याला मंडळात मत नसते.

पाचव्या बुधवारी किसनबुवा नारळ घेऊन आले. मुख्याची जागा दुसऱ्याकडे द्यायची तर शेवटच्या भजनानंतर नारळ मुख्यापुढे ठेवायचा आणि त्याने मान हलवायची, हा आमचा रिवाज. खाटेजवळ वाकून ते म्हणाले, ‘फिटर, जवाईबुवाच्या हातात देऊन टाकू आता. किती दिवस जागा खाली ठेवाची? तू फक्त मान हालवजो.’ बाबा वर निंबाकडे पाहत होते. दादाराव खाली मान घालून बसले होते आणि त्यांनी त्या दिवशी नवा सदरा घातला होता, ही बाब अविनाशच्या लेखात नाही. मी बाबांचा चेहरा पाहिला आणि मला कळून चुकले की ते मान हलवणार. एकदा ती हलली की मग त्या खाटेवरून उठण्याचे त्यांना कारणच उरणार नव्हते. जिनिंगची नोकरी गेलेली, हात गेलेला, ही एक जागा तेवढी त्यांच्या नावाने रिकामी होती.

शेवटचे भजन सुरू झाले. ध्रुपद एकदा गेले, दोनदा गेले, प्रत्येक वेळी हात वर थांबले, बाबांचे डोळे मिटले. मी टाळ खाली ठेवले होते, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. टाळकऱ्याचे ते भाग्य असते. मी सरकत खाटेच्या पायथ्याशी गेलो. तिसऱ्यांदा जागा येत होती, आणि ती येण्याच्या किंचित आधीच मी बाबांची खंजेरी उचलली आणि थाप मारली.

ती थाप कशी होती हे मला लपवायचे नाही. ती लवकर पडली, आणि ती वाईट होती. चैत्राच्या उन्हात चामडे इतके आवळते की ओला हात फिरवल्याशिवाय खंजेरीला हात लावायचा नसतो. हे मंडळातले शेंबडे पोरही जाणते. मी पाणी लावले नव्हते. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर कोणी चमचा आपटावा तसा आवाज निंबाखाली झाला. दोघे तिघे वाजवायचे थांबले, एकाने भजनाची ओळ गिळली. किसनबुवांनी माझ्याकडे असे पाहिले की आजही आठवले तर मी आपोआप बसता होतो. परंतु दादाराव थांबले नाहीत. मान वर न करता त्यांनी ठेका तसाच पुढे नेला आणि त्यांच्यामागे एकेक जण परत येत ध्रुपद चौथ्यांदा शेवटाकडे निघाले. ते थांबले असते तर चौथी जागा आलीच नसती. हे श्रेय मी त्यांना पूर्णपणे देतो. याहून जास्त देत नाही.

चौथी जागा आली. सारे हात वर. माझे हात मांडीखाली. आणि खाटेच्या लाकडी पाटीवर एक थाप पडली. नेमकी. खोल. जेथे पडायची तेथे.

मंडळ विस्कटले. बाबांचा डावा हात पाटीवर होता आणि डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत कृतज्ञता, वात्सल्य वगैरे स्मरणिकेला शोभेल असे काहीही नव्हते. ओठ हलले, वाकडे झाले, आणि सात महिन्यांनंतरचा पहिला शब्द आला: ‘पाणी’. माय उठून धावली, भरलेला लोटा घेऊन आली, तोंडाला लावू लागली. बाबांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला. अर्धे पाणी दादारावांच्या नव्या सदऱ्यावर गेले. प्राशन केलेल्या पाण्याची कथा एवढीच आहे. बाबांनी खंजेरीकडे बोट केले आणि तुटक तुटक म्हणाले, ‘तिले... लाव. कोल्ळी... मारली.’ मग माझ्याकडे पाहून, ‘अन् लवकर.’

मी त्या कोरड्या चामड्यावर ओला हात फिरवला. बाबांनी खंजेरी गुडघ्यांत धरून द्यायला लावली आणि डाव्या हाताने थाप देऊन पाहिली. पहिली त्यांनाच आवडली नाही. दुसरी बरी. किसनबुवा म्हणाले, ‘फिटर, म्हणाचं का मंग ध्रुपद?’ आणि ध्रुपद पुन्हा म्हटले गेले, पुन्हा, आणि पुन्हा, किती वेळा ते मोजण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. दर वेळी जागा आली आणि दर वेळी ती भरली. नारळाचे पुढे काय करायचे हे कोणालाच सुचेना, म्हणून तो फोडून गुळाबरोबर वाटला. त्यानंतर बाबांनी भाकर मागितली. मायने कुस्करून आणली तर ताट आपल्याकडे ओढून घेतले आणि सर्वांसमोर डावा हात ताटात घातला. कोणाचीच नजर हटेना. मायने पदर सारखा केला आणि मंडळींना म्हणाली, ‘गूळ खा न तुम्ही. इकडे काय पाहून राह्यले?’ सारे गूळ खाऊ लागले.

एवढे घडले. आता या घटनेच्या तीन आवृत्त्या चालतात. अविनाशची तुम्ही वाचली. दुसरी शांताताईची. बोरगाव मेघेला तिच्या आताच्या घरी मी स्मरणिका घेऊन गेलो तेव्हा ती मला म्हणाली, ‘सात महिने तेल कोनं चोळलं गा? मी. अन् तुम्ही साळे-भाऊजी थापेसाठी भांडून राह्यले. तेल नसतं तं तो हात पाटीवर पडला असता का?’ मी म्हणालो, ‘ताई, तेल तू उजव्या हाताला जास्त चोळत होतीस. उठला तो डावा.’ त्यावर तिने मला चहा दिला, परंतु साखर घातली नाही. दादाराव समोरच आरामखुर्चीत होते, त्यांना आता कमी ऐकू येते. मी कानाशी जाऊन विचारले, ‘भाऊजी, थाप कोनं मारली होती?’ ते शांतपणे म्हणाले, ‘तू म्हणतो तं तूच मारली असन बाप्पा.’ मला माणसाचा एवढा राग क्वचित आला आहे. जो माणूस भांडतच नाही त्याच्याकडून सत्य कसे मिळवायचे?

तिसरी आवृत्ती माझी स्वतःची, आणि तिच्यावरही माझा आक्षेप आहे. बाबांना जागे करण्यासाठी मी ती थाप मारली, असे मी अनेक वर्षे सांगत आलो. भाषणांतून सांगितले, नातवंडांना सांगितले. हे अर्धे खरे आहे. राहिलेले अर्धे असे की मला ती थाप मारायचीच होती. दादारावांच्या हातात ती कायमची जाण्यापूर्वी, एकदा तरी. बाबांनाही ते कळले असले पाहिजे. नुसत्या वाईट वाजवण्याने माणूस एवढा उठत नाही, आपली वस्तू कोणी पळवते आहे हे पाहून उठतो. त्यानंतर ते अकरा वर्षे डाव्या हाताने वाजवीत राहिले. बोलणे वाकडेच राहिले, पण थांबले नाही. मला तर वाटते, आधीपेक्षा वाढले.

गेल्या महिन्यात माझी नात मला वर्ध्यात एका सभागृहात घेऊन गेली. तेथे कचेऱ्यांतील मंडळी, डॉक्टर, दोन सेवानिवृत्त मुख्याध्यापिका असे तीसेक जण गोल बसून ढोल वाजवीत होते. मनावरचा ताण जातो म्हणतात. कल्पना उत्तम आहे. आम्ही तेच करीत होतो, खुर्च्यांशिवाय. परंतु तेथील शिकवणारा तरुण हसून सांगत होता, ‘इथे कोणतीही थाप चुकीची नसते, आजोबा. जशी येईल तशी मारा.’ मी त्याला विचारले, ‘बाळ, चुकीची थाप नसेल तर उठून कोणी बसायचे कशासाठी?’ त्याला तो विनोद वाटला. नात मला म्हणाली, ‘आबाजी, तुम्ही इथंही भांडून राह्यले.’ नंतर मी एक ढोल घेतला आणि तासभर वाजवला, आणि रात्री मला झोप चांगली लागली, हेही नोंदवतो, नाहीतर ती स्वतःची आवृत्ती काढील.

अविनाशला मी फोन केला. तो म्हणाला, ‘मामाजी, तुमचं म्हणणं खरं असन, पण छापून झालं. अन् पुरावा काय? किसनबुवा गेले, आजी गेली. आमच्या बाबांना विचाराल तर ते तुमचंही खरं म्हणतात, माझंही.’ प्राध्यापक माणूस. पुराव्याशिवाय बोलत नाही. त्याच्याच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मंडळाच्या जुन्या हजेरीवहीचे छायाचित्र आहे. ती वही दादारावांच्या पेटीत असते. मुखपृष्ठासाठी त्याने तिचा पुठ्ठा टिपला. आत पाहण्याची तसदी घेतली नाही. मी शांताताईकडून ती मागून घेतली आणि त्या बुधवारचे पान काढले. नावे दादारावांच्या सुबक अक्षरांत आहेत. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे त्या बुधवारी आणि पुढच्या एकूण एक बुधवारी ‘हजर’ लिहिले आहे. माझ्या नावावर आडवी रेघ आहे, आणि तिच्याखाली, बाबांनी डाव्या हाताने आयुष्यात पहिल्यांदा काढलेल्या, ओळ सोडून खाली उतरत गेलेल्या अक्षरांत, एवढे आहे: ‘वसंताले पोळ्यापर्यंत बसू देऊ नये. न विचारता खंजेरीले हात लावला.’